'स्मार्ट' मुलगी हवी म्हणजे काय

ड्रेडलॉक्समुळे, म्हणजे केसांच्या वळलेल्या जटांमुळे, अमेरिकेत नोकरी नाकारली जाते, या लेखाखाली बऱ्याच जणांनी 'आपल्याकडे असलं काही नसतं' असं लिहिलंय. अहो, कसं नसतं? हिंजवडीत अकरा वर्षं भरतीचं काम केलंय मी. रिसेप्शनला कोणी हवं असलं की फोन यायचा, "जरा स्मार्ट बघा हं." स्मार्ट म्हणजे गोरी, हे वेगळं सांगावं लागत नसे. एकदा नगरकडची मुलगी आली होती, काळीसावळी, इंग्रजी फर्डं. साहेबांचा शेरा एकच: 'प्रेझेंटेबल नाही'. ती फाइल मीच मुकाट्यानं बाजूला ठेवली, तेव्हा मीही काही साव नाही.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जटांच्या खटल्यातही भाषा अशीच गुळगुळीत होती. २०१० मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणीनं जटा कापायला नकार दिला, म्हणून देऊ केलेली नोकरी काढून घेतली. २०१६ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, केशरचना बदलता येते, सबब हा वंशभेद नव्हे! कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदा करून आपल्या राज्यापुरती ही पळवाट बुजवली.

राहता राहिला जटा 'अस्वच्छ दिसतात' हा आक्षेप. आमच्या सोसायटीत एक नायजेरियन विद्यार्थी भाड्यानं राहायचा. दर रविवारी डोकं धुऊन गॅलरीत उन्हाला पाठ करून बसायचा आणि एकेक जट पिळून टॉवेलनं टिपायचा. दुपार व्हायची. आमच्या सोसायटीतल्या काकूंचे अंबाडे त्याहून स्वच्छ असतील, असं मला तरी छातीठोकपणे सांगवत नाही.