उणे एक कर्ण

रात्री दहाला मुलीने वही पुढे सरकवली. "बाबा, बहुभुजाकृतीला कमीत कमी किती बाजू असतात?"

"तीन," मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणालो. ती तेवढ्यावर गेली असती, तर मीही वेळेवर झोपलो असतो.

"दोन का नाहीत?"

"बहु म्हणजे पुष्कळ. दोन म्हणजे काही पुष्कळ नव्हे."

"मराठीत तर दोन झाले की अनेकवचन होतं."

मी संस्कृतच्या आडोशाला गेलो. तिथे दोघांसाठी द्विवचन राखीव, बहुवचन तिनापासून. म्हणजे उत्तर तीनच! वर प्राचीन ग्रीक भूमितिकार युक्लिडची साक्ष काढावी म्हटलं, तर साक्षीदारच फितूर. 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात त्याने तीन बाजूंच्या आणि चार बाजूंच्या आकृत्या वेगळ्या काढल्या आणि चारांहून जास्त रेषांनी वेढलेल्यांना 'बहुभुज' म्हटलं. त्याच्याकडे 'बहु' पाचापासून! त्रिकोण बिचारा बाहेरच.

मग काडेपेटी आणली. दोन काड्यांची डोकी जुळवली की शेपट्या फाकतात, शेपट्या जुळवायला जावं तर काड्या एकमेकींवर आडव्या पडतात. आत जागा म्हणून नाहीच. तिसरी घेतली, तीही नेमकी अर्धी मोडलेली. तरी त्रिकोण झाला. उत्साहाने दुसरीही अर्धी केली, आणि दोन्ही अर्ध्या मिळून उरलेल्या अख्ख्या काडीवर सपाट पसरल्या. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त लागते, हे मी शाळेत घोकलं होतं. पटलं आत्ता, रात्री पावणेअकराला.

तोवर तिने सूत्रं काढली. कोनांची बेरीज: बाजूंतून दोन वजा करून गुणिले १८०. दोन बाजूंना शून्य अंश. हे ठीक, काड्याही तेच सांगत होत्या. कर्णांचं, म्हणजे शेजारी नसलेले कोपरे जोडणाऱ्या रेषांचं, सूत्र (बाजू गुणिले बाजू वजा तीन, भागिले दोन) मात्र म्हणालं, उणे एक.

"बाबा, उणे एक कर्ण कसा काढायचा?"

"खोडरबरने," मी म्हणालो. ती हसली नाही.

शेवटी धूळ झटकून पृथ्वीगोल खाली काढला आणि तिथेच माझा घात झाला. शून्य आणि नव्वद अंशांची रेखावृत्तं दोन्ही ध्रुवांवर भेटतात. मधली फाक बंदिस्त, बाजू दोनच, कोपरे दोन आणि प्रत्येक कोपरा चक्क काटकोन. गोलावर या रेषांपेक्षा सरळ काही नसतंच, त्यामुळे "वाकड्या आहेत" म्हणायचीही सोय नाही.

"म्हणजे दोन चालतात!"

"सपाट कागदावर नाही. कागदावर तीन."

तिने मार्कर उचलला, विषुववृत्तावर एक ठिपका दिला आणि तिथून विषुववृत्तावरूनच बोट गोल फिरवून परत ठिपक्यावर आणलं. "हा कोपरा, ही बाजू. झाली एक."

मी बराच वेळ बघत राहिलो. कोन १८० अंशांचा, पण चूक कुठेच नव्हती.

वहीत तिने 'तीन' लिहिलं आणि पुढे कंसात 'कागदावर'. मार्कर पक्क्या शाईचा निघाला. हिंदी महासागरात तो कोपरा अजून आहे.