कपलर काढलं म्हणून गळती थांबत नाही

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत दोन मुद्दे आहेत. एक, मुंबईत थंडीच नसते, मग कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हवर (गार इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल फवारणारा व्हॉल्व्ह) एवढं दळण कशाला. त्याचा कपलर (वायरीचा प्लग) उपटा आणि विसरा. दोन, मी सांगितलेली टेस्ट लॅम्पची तपासणी (व्हॉल्व्हच्या कपलरच्या दोन पिनांत दिवा जोडून सेल्फ मारायचा) तुम्ही तुमच्या के-जेट्रॉनिक (बॉशची जुनी यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन पद्धत) गाडीवर केली, दिवा पेटला नाही, म्हणून नवा व्हॉल्व्ह बसवलात आणि फरक शून्य.

दिव्याचं आधी, कारण तिथे माझं लिहिणं अपुरं होतं. व्हॉल्व्हला फीड (करंट) सेल्फच्या वायरीतून येतो आणि अर्थ थर्मो-टाइम स्विचमधून; इंजिन गार असेल तरच, तेही काही सेकंदच, हा स्विच अर्थ देतो. स्विचच्या षटकोनी भागावर तापमान आणि सेकंद कोरलेले असतात. ३५ अंशांचा स्विच असेल तर मुंबईच्या सकाळी दिवा जेमतेम एक-दोन सेकंद पेटेल. १५ अंशांचा असेल तर इथे जवळपास कधीच पेटणार नाही, आणि तो बिघाड नव्हे. हे मी लिहायला हवं होतं.

दिवा पेटला नाही तर स्विचच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलची वायर थेट बॉडीला अर्थ करून सेल्फ मारायचा (कॉइलची मुख्य वायर काढून अर्थ केलेली हवी). आता पेटला तर फीड ठीक. मग इंजिन पूर्ण गार असताना स्विच काढून बर्फाच्या पाण्यात धरा: ‘डब्ल्यू’ आणि स्विचची बॉडी यांत मल्टिमीटर (कंटिन्युइटीवर) वाजला पाहिजे. चाळिशीपलीकडच्या गरम पाण्यात गप्प झाला पाहिजे. आपल्याकडे खाऱ्या हवेने कपलरच्या पिना हिरव्या पडतात, त्या आधी घासून घ्या.

आता थंडीचा मुद्दा. मुंबईत हा व्हॉल्व्ह उघडला नाही तरी गाडी सुरू होते, हे मान्य. पण इथे तो छळतो तो न उघडल्यामुळे नाही, नीट बंद न झाल्यामुळे. इंजिन चालू असेपर्यंत साधारण ५ बारचं पेट्रोल त्याच्या तोंडाशी उभं असतं. करंट फक्त उघडण्यासाठी, बंद ठेवते ती स्प्रिंग. सीट झिजली की कपलर असो-नसो, थेंब मॅनिफोल्डमध्ये पडत राहतात. लक्षण ठरलेलं: सकाळी एका सेल्फमध्ये सुरू, पण गरम गाडी अर्धा तास उभी केली की सेल्फवर सेल्फ, मग काळा धूर आणि पेट्रोलचा वास. इंजिन ओव्हर होतंच (जादा पेट्रोलने भिजतं), शिवाय लाइनमधलं राखीव प्रेशर उतरल्यामुळे गरम पाइपात वाफ धरते.

कपलर काढल्यावर गरम स्टार्ट सुधारला तर दोष विजेचा, म्हणजे बहुधा स्विच आत चिकटून कायम अर्थ देतोय. सुधारला नाही तर गळती तपासा. व्हॉल्व्हचे दोन बोल्ट काढा, पेट्रोलची लाइन तशीच राहू दे, तोंड कोरडं पुसून काचेच्या बरणीत धरा. पंपाचा रिले काढून सॉकेटमधले ३० आणि ८७ नंबरचे टर्मिनल जोडा, म्हणजे इंजिन बंद असताना पंप चालेल. एअर प्लेटला (आत येणारी हवा मोजणारी चकती) हात लावू नका, नाहीतर इंजेक्टर सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडतील. एक मिनिटात एकही थेंब पडता कामा नये. मग व्हॉल्व्हला क्षणभर १२ व्होल्ट द्या. बारीक शंकूसारखा फवारा हवा, धार नको. हे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नाही, उघड्यावर, आणि अग्निशामक जवळ ठेवूनच.

बरणी कोरडी राहिली तर व्हॉल्व्ह निर्दोष. पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, अॅक्युम्युलेटर (लाइनमधलं प्रेशर धरून ठेवणारा डबा) आणि इंजेक्टर यांच्याकडे वळा.

गळत असेल तर बदला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळेलही, पण मग बरणीची तीच परीक्षा त्याचीही घ्या. पेट्रोल लाइनच्या बँजो बोल्टचे (आतून पोकळ बोल्ट) दोन्ही कॉपर वायसर आणि खालचं गॅस्केट नवंच. तो अजिबात नकोच असेल, तर फ्युएल डिस्ट्रिब्युटरवरचं (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारा भाग) त्याच्या लाइनचं तोंड योग्य बोल्टने बंद करा; नुसतं कपलर काढणं म्हणजे टपकत्या नळाखाली बादली ठेवणं.

आणि एक: या गळतीमुळे पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आला म्हणून कुणी ३ मिमीच्या लांब अॅलन कीने मिक्स्चर पातळ केलं असेल, तर गळती बंद झाल्यावर गाडी आयडलला धडपडेल. तुमचा आधीचा व्हॉल्व्ह टाकला नसेल तर तोही एकदा बरणीवर धरून पाहा.