आधी ब्लॉकचेन आणा, मग जमीन कुणाची ते बघू

सगळ्यात आधी पीपीटी बनवा. पहिल्या स्लाइडवर वाळवी लागलेल्या रजिस्टरांचा ढीग, दुसऱ्या स्लाइडवर काळ्या बॅकग्राउंडवर चमकणारे निळे ठोकळे, एकमेकांना साखळीने अडकवलेले, बस. तिसरीची गरज पडत नाही, पडलीच तर "ट्रस्ट" एवढाच शब्द मोठ्ठ्या अक्षरात टाका आणि दोन सेकंद गप्प राहा. जमिनीच्या मालकीच्या नोंदी ब्लॉकचेनवर न्यायच्या तर सुरुवात अशीच करायची असते, रेकॉर्ड रूममध्ये बसून धूळ खायची नसते.

कुणीतरी आगाऊ माणूस विचारणारच, की अहो पण हे चालतं कसं? सांगून टाका, यात लपवण्यासारखं काही नाही. दस्ताची फाइल घ्यायची, तिच्यावर एसएचए-२५६ नावाचं गणित चालवायचं, की ६४ अक्षरांचा एक ठसा मिळतो, त्याला म्हणायचं हॅश. दस्तातला एक पूर्णविराम जरी उडाला तरी अख्खा ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. प्रत्येक ठोकळ्यात मागच्या ठोकळ्याचा ठसा ठेवायचा, म्हणजे मध्येच कुणी खाडाखोड केली की पुढची सगळी साखळी बोंबलते, आणि या साखळीच्या प्रती असतात ढीगभर कॉम्प्युटरवर. आयडिया खरंच सुंदर आहे, यात टोमणा नाही. फक्त एवढं सांगू नका की हेबर आणि स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी ठशांची साखळी १९९१ सालीच मांडली होती, आणि १९९५ पासून तसा एक ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातींच्या रकान्यात छापून यायचा, कारण घरोघरी गेलेला पेपर नंतर कोण बदलणार? ज्या बिटकॉइन नावाच्या डिजिटल चलनामुळे ब्लॉकचेन गाजली त्याच्या कितीतरी आधी, आणि चक्क कागदावर! हे बोललात तर तुमचं कन्सल्टन्सीचं बिल कोण पास करेल.

आता मुख्य काम, जुन्या नोंदी चढवणं. इथे बरेच जण चूक करतात, आधी नोंदी तपासत बसतात. तुम्ही तपासू नका. वारलेल्या माणसाच्या नावावर प्लॉट आहे? चढवा. बहिणींची नावं गाळून वाटणी झालीये? चढवा. एकच जागा दोघांना विकलीये आणि दोघांकडेही खरेदीखत आहे? दोन्ही चढवा, ठसे दोघांचेही एक नंबर येतील. आधी ही चूक पेन्सिलीची होती, आता शिलालेख झाली, आणि याला आपण पारदर्शकता म्हणायचं. तोतया माणूस मालक म्हणून उभा राहिला आणि सही ठोकून गेला तर साखळी ते खोटंही तितक्याच इमानाने जपते, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नाही.

शेजाऱ्याने रात्रीत कुंपण दोन फूट आत सरकवलं तर? तर काही नाही. साखळी फोडायला ती चालवणाऱ्या सगळ्या कॉम्प्युटरांची मिळून निम्म्याहून जास्त ताकद हातात लागते, ५१ टक्क्यांचा हल्ला म्हणतात त्याला, कुंपणाचा खांब हलवायला एक पहार पुरते. जागेची मोजणी, ताबा, वहिवाट, ही सगळी भांडणं साखळीच्या बाहेर, उन्हात होतात, त्यामुळे ती पीपीटीत घेऊ नका.

देश निवडताना मात्र डोकं लावा. सोप्यातली सोपी युक्ती म्हणजे ठणठणीत पेशंट शोधा. जॉर्जियाने २०१६ मध्ये बिटफ्युरी या कंपनीबरोबर हे काम हाती घेतलं आणि पुढे लाखो नोंदींचे ठसे बिटकॉइनच्या साखळीत गेले, ते आजही यशोगाथा म्हणून सांगता येतं. त्यांच्या नोंदी आधीच कॉम्प्युटरवर होत्या आणि बऱ्यापैकी स्वच्छही होत्या, हे पण तेवढं बोलायचं नाही. याउलट जिथे खरोखर बोंब असते तिथे जाऊ नका, होंडुरासमध्ये २०१५ ला मोठी घोषणा झाली आणि त्याच वर्षाअखेर गाडी अडकून पडली. स्वीडनच्या भूमी खात्याने २०१६ पासून दोन-तीन वर्षं छान चाचण्या केल्या, टेक्नॉलॉजी पास झाली, पण कायदा म्हणत होता खरेदीखतावर पेनानेच सही पाहिजे. आता बोला.

मग येते किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, नोंद दुसऱ्याच्या नावावर करायला लागणारा गुप्त आकडा. ज्याच्याकडे किल्ली तो मालक, मधे ना क्लार्क ना वकील. ही किल्ली लक्षात राहावी म्हणून २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले बारा नाहीतर चोवीस शब्द तुम्हाला मिळतात, क्रमाने. हेच तुमचं घर. त्यातला एकोणिसावा शब्द विसरलात की तुम्ही स्वतःच्याच घरात पाहुणे. आजोबा आयसीयूत आहेत, तोंडावर मास्क, चारी मुलं पलंगाभोवती वही-पेन घेऊन उभी आहेत आणि आजोबा एकेक शब्द पुटपुटतायत, सतरा झाले, अठरा झाले, आणि धाकटा मोबाइलवर बोलायला बाहेर गेलाय आणि थोरला वहीवर हात आडवा धरून लिहितोय, असं दृश्य डोळ्यासमोर आणा. भाऊबंदकी संपवणारं तंत्रज्ञान म्हणे!

आणि मालक अल्पवयीन असेल तर? वेडसर ठरला तर? कोर्टाने निकाल फिरवला, बँकेने जप्ती आणली, सरकारने रस्त्यासाठी जागा घेतली तर? मालक काही किल्ली द्यायला हसत हसत येणार नाही. म्हणून सिस्टीममध्ये एक साहेब ठेवा ज्यांना कुणाचीही नोंद किल्लीशिवाय बदलता येते. हो, तेच साहेब ज्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून हे सगळं आणलं. त्यांच्या खुर्चीला आता "नोड ॲडमिन" म्हणायचं. पब्लिक साखळी, म्हणजे कुणालाही सामील होता येईल अशी, परवडत नाही, बिटकॉइनला तर एक ठोकळा लागायला सरासरी दहा मिनिटं जातात, तेव्हा आपली खाजगी साखळी काढा: पाच कॉम्प्युटर, एकाच खात्याचे, एकाच इमारतीत, एकाच यूपीएसवर. याला विकेंद्रित म्हणतात. कुणी डेटाबेस म्हणालं तर रागावून बघा.

माझा सगळ्यात आवडता भाग राहिलाच. जून २०१६ मध्ये इथेरियम नावाच्या दुसऱ्या एका पब्लिक साखळीवर डीएओ नावाच्या फंडातून कुणीतरी कोडमधली फट वापरून सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे तिथलं चलन, वळते केले. न बदलणारी साखळी ना, मग काय केलं? जुलैमध्ये बहुमताने ती बदलली. ज्यांना हे पटलं नाही ते जुनीच साखळी चालवत राहिले, तीच इथेरियम क्लासिक, म्हणजे तिथपर्यंतचा इतिहास एक आणि पुढे दोन साखळ्या, दोन्ही खऱ्या. पैशाचं ठीक आहे, दोन्हीकडे दोन भाव निघाले. पण घर एकच असतं हो. या साखळीत तुम्ही मालक, त्या साखळीत मी, आणि किचन कॉमन.

टॉरेन्स नावाच्या गृहस्थांची आठवण कुणी काढली तर विषय बदला. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात त्यांच्या पुढाकाराने जी पद्धत सुरू झाली तिच्यात रजिस्टरमधली नोंद हीच मालकी, सरकार तिची हमी घेणार, आणि रजिस्टरच्या चुकीमुळे कुणाची जमीन गेली तर फंडातून भरपाई मिळणार. शाई आणि वही, एवढ्यावर. साखळी भरपाई देत नाही, साखळी फक्त तुमचं नुकसान किती वाजून किती मिनिटांनी झालं ते बिनचूक सांगते, आणि हमी घेणारं कुणीतरी पाहिजे असं म्हटलं की गाडी परत त्या साहेबांच्या टेबलावर येते.

असो. एवढं सगळं पार पडलं, उद्घाटन झालं, फीत कापली, की आपले चोवीस शब्द नीट सांभाळा. मोबाइलमध्ये ठेवू नका, हॅक होतो. मेल तर अजिबात करू नका, स्क्रीनशॉटही नको. जाणकार सांगतात की कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवा, तिथे आधीपासून एक पिशवी असेल, तिच्यात जुनं खरेदीखत आहे, ते फेकू नका, कारण उद्या कोर्टात गेलात तर वकील आधी तेच मागणार आहे.