टेंगूळ म्हणायचं की फुगवटा?

अव्याने फोन कट्ट्यावर उताणा ठेवला आणि तो भिंगरीसारखा गर्रकन फिरला. पाठ मधोमध वर आलेली. दुरुस्तीसाठी तक्रार लिहायची होती आणि गडी पहिल्याच वाक्याला अडला होता.

"‘फोनची मागची बाजू बहिर्वक्र झाली आहे’ असं लिहू?"

"तक्रार लिहितोयस की प्रकाशाचा धडा?" सुली म्हणाली. "सरळ लिही, फोनला टेंगूळ आलंय."

"टेंगूळ लिहिलंस तर मेलास," नाना म्हणाला. नानाची उभी हयात बांधकामावर गेलेली. "टेंगूळ आपटल्यावर येतं, कातडीखाली रक्त साकळून. ते लगेच म्हणतील, तुम्हीच पाडला. गेली वॉरंटी."

मास्तरांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, शब्दाने कारणात पडूच नये. आकार बाहेर वळलाय ना? मग बहिर्वक्र. आपटलाय की सुजलाय, ते दुरुस्तीवाला बघेल.

"बाहेर म्हणजे कुठून बाहेर?" मी विचारलं. "तेच झाकण काढून आतून बघा, अंतर्वक्र झालं. चमच्याचंही तसंच. पाठीत तोंड सुलटं दिसतं, पोटात हातभर लांबून उलटं. टेंगळाला अशी दुसरी बाजू असते का?" शिवाय पुस्तकांनी आरसा बहिर्गोल आणि भिंग मात्र बहिर्वक्र का केलं, हे मला शाळेपासून छळतंय. पण तो मुद्दा कुणी उचललाच नाही.

मास्तर उलट खुशीत आले. "गणितात तर चौरससुद्धा बहिर्वक्र!"

"त्याला कुठे पोट आहे?"

"पोट लागतच नाही. आकृतीतले कुठलेही दोन बिंदू घ्या. त्यांना जोडणारी रेषा आकृतीबाहेर जाता कामा नये. एवढीच अट. चौरस बसतो, चंद्रकोर बसत नाही."

"म्हणजे पाठ काढून बसलेली चंद्रकोर नापास आणि सपाट चौरस पास," सुली म्हणाली. "घ्या तुमचा शब्द परत."

पोटाचं नाव निघाल्यावर नाना सुटलाच. भिंतीला पोट आलं म्हणजे मागून मातीचा नाहीतर मुरलेल्या पाण्याचा रेटा आहे, ती उतरवायची, नुसता गिलावा मारून भागत नाही. पोपडा धरला तर आतली भिंत धड असते, फक्त गिलावा सुटलेला. "आणि कमानी धरण मुद्दाम पाण्याकडे पोट काढून बांधतात. पाणी जितकं रेटेल तितकी कमान दोन्ही काठांच्या खडकात घट्ट बसते." एकच आकार, पण एकीकडे आजार आणि दुसरीकडे ताकद. मास्तरांचा शब्द मात्र दोन्हीकडे तोच.

मला विचाराल तर मराठीची खरी श्रीमंती इथेच आहे. आपण बाक मोजत नाही, आत काय भरलंय ते सांगतो. फोडात पाणी, गळवात पू. नुसती पाठ घ्या. बैलाचं वशिंड, उंटाची मदार (तीत चरबी असते, पाणी नव्हे), माणसाचं कुबड. आणि पोक? ते नुसतं येत नाही, काढलंही जातं. म्हणूनच ‘पोक काढू नकोस’ म्हणून ओरडता येतं. ‘कुबड काढू नकोस’ कोण म्हणेल?

"मग फुगवटा?" अव्या कळवळून म्हणाला. "कुणीतरी फोनवर या."

फुगवटा मात्र चतकोरही प्रामाणिक नाही. चलनाचा असतो, आकड्यांचा असतो. धरणामागे नदीच्या पात्रात उलटं पसरत गेलेलं पाणी, तोही फुगवटाच, आणि वरून बघाल तर सपाट. मास्तरांनी पृथ्वी काढली. विषुववृत्तापाशी त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७. स्वतःभोवती फिरण्यामुळे कमरेला आलेला २१ किलोमीटरचा फुगवटा. त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत लांबचं टोक एव्हरेस्टचं नाही, इक्वेडोरमधल्या चिंबोराझोचं.

"पण हा फुगवटा डोळ्यांना दिसत नाही," मास्तर म्हणाले, "म्हणून शब्द मापाचा हवा." हे मात्र मला खोडता आलं नाही.

नानाने फोन उचलून कानाशी हलवला. "आत काय भरलंय?"

"गॅस. बॅटरीतली रसायनं बिघडली की होतो."

"मग ‘बॅटरी फुगली’. दोन शब्द. एवढ्यासाठी तासभर घालवला."

"आकारही लिही," मास्तर म्हणाले, "बहिर्वक्र, बाहेरून पाहता."

अव्या त्याच फोनवर टाइप करायला लागला. ‘बॅटरी फु’पर्यंत आला आणि चार्जिंग संपलं. सुलीने लगबगीने पॉवर बँक पुढे केली. ती नानाने हिसकावून स्वतःच्या खिशात घातली.