मसल कार म्हणजे नुसता आवाज? टाइम स्लिप वेगळंच सांगते

जुन्या अमेरिकन मसल कारविषयी, म्हणजे मोठं ताकदवान इंजिन बसवलेल्या वेगवान गाड्यांविषयी, एक दावा गाड्यांच्या शौकिनांमध्ये पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: साठ-सत्तरच्या दशकातल्या या गाड्या म्हणजे नुसता आवाज. कागदावर 400 हॉर्सपॉवर आणि पाव मैलाला 13-14 सेकंद, म्हणजे आकडे फुगवलेले. वेग वाढवायचा तर मोठं इंजिन, मोठा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), मोठा कॅमशाफ्ट (वाल्व उघडणारा दांडा). त्याला डोकं लागत नाही, पैसा लागतो. चालवायलाही काही येत नसलं तरी चालतं, सरळ रेषेत पाय दाबून धरायचा. आणि आज मुलांना शाळेत सोडणारी इलेक्ट्रिक गाडी त्यांना सहज मागे टाकते, तेव्हा त्या संग्रहालयात ठेवाव्यात.

यातली एक गोष्ट खरी आहे, एक अर्धवट खरी, बाकीच्या चूक. पण हा दावा जसाच्या तसा स्वीकारला तर ज्या कामात कितीतरी मेकॅनिक आणि रेसर मंडळींनी आयुष्यं घातली, ते ट्यूनिंगचं कामच दिसेनासं होतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“हॉर्सपॉवरचे आकडे खोटे होते”

हा अर्धवट खरा मुद्दा. 1971 पर्यंत अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ पद्धतीने शक्ती जाहीर करत. इंजिन टेस्ट बेंचवर एकटं चढवायचं, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा किंवा पंख्याचा भार नाही, आणि येईल तो आकडा छापायचा. 1972च्या मॉडेलांपासून ‘नेट’ पद्धत आली, म्हणजे गाडीत बसवल्यावर असतं तसं सगळं सामान लावून मोजणी. कॉर्व्हेटचं एलटी-1 इंजिन 1971 मध्ये 330 हॉर्सपॉवरचं होतं, 1972 मध्ये 255. इंजिन जवळपास तेच, मोजपट्टी बदलली. तेव्हा जुना आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवू नये, इथवर दावा बरोबर आहे.

पण सगळे आकडे फुगवलेले होते हे चूक. काही तर मुद्दाम कमी सांगितलेले होते. त्यामागे विम्याचे हप्ते होते आणि ड्रॅग रेसिंगमधले, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतींमधले, वर्गही होते, कारण वजन आणि जाहीर शक्ती यांच्या गुणोत्तरावर गाडी कोणत्या वर्गात धावणार ते ठरायचं. फोर्डने 1968 मध्ये मस्टँगमध्ये 428 घनइंची कोब्रा जेट इंजिन दिलं आणि शक्ती सांगितली 335. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स शर्यतींमध्ये अशाच मस्टँगने सुपर स्टॉक एलिमिनेटर हा वर्ग जिंकला. शर्यती भरवणाऱ्या एनएचआरए या संस्थेला असल्या आकड्यांवर विसंबणं परवडत नव्हतं. वर्ग ठरवण्यासाठी तिने अनेक इंजिनांना स्वतःचे सुधारित आकडे लावले. शेव्हरलेने 1969च्या झेडएल-1 कॅमॅरोला 430 आकडा दिला होता. ते अ‍ॅल्युमिनियमचं 427 इंजिन प्रत्यक्षात 500च्या पलीकडे जायचं.

मग 13-14 सेकंद का? याचं उत्तर टाइम स्लिपवरच, म्हणजे धावेनंतर मिळणाऱ्या निकालाच्या चिठ्ठीवरच छापलेलं असतं, फक्त बहुतेकांची नजर एकाच ओळीवर जाते. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना स्लिपवर दोन आकडे असतात हे माहीत असेल: लागलेला वेळ, आणि शेवटची रेघ ओलांडतानाचा वेग, म्हणजे ट्रॅप स्पीड. ट्रॅप स्पीड मुख्यतः शक्ती आणि वजनावर ठरतो. सुरुवातीला चाकं घसरली तरी तो फारसा पडत नाही. वेळ मात्र पहिल्या काही फुटांतच बिघडतो.

हॉट रॉड मासिकाच्या मार्च 1968च्या अंकात त्या कोब्रा जेट मस्टँगची चाचणी आहे: 13.56 सेकंद, 106.64 मैल वेग, म्हणजे ताशी सुमारे 172 किलोमीटर. रेसर लोकांचा जुना ठोकताळा असा, की पकड नीट मिळालेल्या गाडीत वेळ आणि ताशी मैलांतला वेग यांचा गुणाकार 1360च्या आसपास येतो. म्हणजे 106.64 मैल वेग गाठणारी गाडी 12.8 सेकंदांत पोचायला हवी होती. सुमारे पाऊण सेकंद त्या काळच्या कडक बायस-प्लाय (आजच्या रेडियलच्या आधीच्या) टायरांखाली वाया गेला. उलट बाजूने मांडा: ड्रायव्हरसकट 3700 पौंड वजन धरलं तर हा ट्रॅप स्पीड गाठायला जवळपास 350 हॉर्सपॉवर लागतात. जाहीर आकडा 335, तोही ग्रॉस. इथे फुगवाफुगवी कुठे आहे?

“मोठं इंजिन, मोठा कार्ब्युरेटर, मोठा कॅम, झालं काम”

हा सगळ्यांत चुकीचा मुद्दा आहे, आणि नव्याने या छंदात येणाऱ्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतं.

कार्ब्युरेटरपासून सुरुवात करू. 350 घनइंची व्ही-8 इंजिन 6000 आरपीएमवर फिरतं तेव्हा मिनिटाला किती हवा ओढेल? फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, आणि एका घनफुटात 1728 घनइंच असतात, त्यामुळे 350 गुणिले 6000 भागिले 3456 (1728ची दुप्पट), म्हणजे साधारण 608 घनफूट. तेही सिलिंडर पूर्ण भरले तर. साधं रस्त्यावरचं इंजिन 85 टक्क्यांच्या आसपास भरतं, म्हणजे 516. अशा इंजिनाला मिनिटाला 600 किंवा 650 घनफुटांचा कार्ब्युरेटर पुरून उरतो. तिथे 850 बसवला तर कमी आरपीएमवर व्हेंचुरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून) हवा संथ जाते, पेट्रोल ओढायला पुरेसा दाबफरक तयार होत नाही, आणि पाय दाबल्याक्षणी गाडी अडखळते. वरच्या आरपीएमला थोडी शक्ती वाढेलही, पण ती वापरण्याआधीच सुरुवातीला मार बसलेला असतो.

कॅमशाफ्टचं तसंच. वाल्व जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम शक्ती वरच्या आरपीएमकडे ढकलतो. समजा तो 3000 ते 6500 मध्ये काम करतो. गाडीत मात्र कंपनीचा टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी असणारा भाग) आहे, जो 1800च्या आसपासच पकडतो; या आकड्याला स्टॉल म्हणतात. म्हणजे हिरवा दिवा लागतो तेव्हा इंजिन आपल्या कामाच्या पट्ट्याच्या बाराशे आरपीएम खाली घुसमटत असतं. त्या कॅमबरोबर 3000 ते 3500 स्टॉलचा कन्व्हर्टर हवा, आणि मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तरही, म्हणजे चाकाच्या एका फेरीला ड्राइव्हशाफ्टच्या किती फेऱ्या ते, बदलायला हवं. 26 इंच व्यासाचा टायर आणि 3.08चं गुणोत्तर असेल तर 106 मैलांवर टॉप गिअरमध्ये इंजिन जेमतेम 4200 फिरतं, म्हणजे 6000ला शक्ती देणारा कॅम त्या गिअरमध्ये कधी जागाच होत नाही. 3.91 घातलं की तोच वेग 5350 आरपीएमवर येतो, 4.56 घातलं तर 6250च्या आसपास. कोणतं बरोबर, हे ते इंजिन शक्तीचं शिखर कुठे गाठतं यावर ठरतं. कॅटलॉगमधला सगळ्यांत मोठा आकडा निवडून हे जमत नाही.

पैसा जवळजवळ न लागणारी कामं तर या दाव्याच्या गावीही नाहीत. इग्निशन टायमिंग घ्या, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी (‘अ‍ॅडव्हान्स’) ठिणगी पडते ते. या व्ही-8 इंजिनांना पूर्ण अ‍ॅडव्हान्स साधारण 34 ते 38 अंश लागतो. कंपनीचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) तो हळूहळू, बराच वर जाऊन पुरा करायचा. आतल्या वजनांच्या स्प्रिंगा हलक्या केल्या की तोच अ‍ॅडव्हान्स 2800-3000 आरपीएमपर्यंत पूर्ण होतो. टायमिंग लाइट, दोन स्प्रिंगा आणि एक दुपार, एवढाच खर्च. पण इथे संयम हवा. 10.5 ते 11 कॉम्प्रेशनची ही इंजिनं त्या काळच्या शिसंयुक्त, चढ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेली होती. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर दोन अंश जास्त दिले तर नॉकिंगने, म्हणजे मिश्रणाच्या अवेळी स्फोटाने, पिस्टनची कड फुटते. म्हणून दर धावेनंतर प्लग काढून बघायचे. पोर्सिलेनवर काळे किंवा चकाकते ठिपके दिसले की टायमिंग मागे घ्यायचं, आणि कार्ब्युरेटरमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) बदलायचे ते एका वेळी एक-दोनच नंबर. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. मला या सगळ्या खेळात हीच शिस्त सगळ्यांत जास्त आवडते.

आता मागची चाकं. यातल्या पुष्कळ गाड्यांना मागे पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. जोर आला की अ‍ॅक्सल उलटा फिरू बघतो, पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे पिळतात, सुटतात, पुन्हा पिळतात, आणि चाक रस्त्यावर उड्या मारू लागतं. ही व्हील हॉप नुसता वेळ खात नाही, ती अ‍ॅक्सल आणि युनिव्हर्सल जॉइंट मोडते. शिवाय ड्राइव्हशाफ्टचा पीळ अ‍ॅक्सलला अशा दिशेने फिरवतो की मागचं उजवं चाक हलकं होतं आणि आधी तेच घसरतं. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी यावर दिलेलं उत्तर बघण्यासारखं आहे. सुपर स्टॉकच्या स्प्रिंगांचे डावा आणि उजवा संच वेगवेगळे, उजवा जास्त ताठ. आणि पिनियनच्या (अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) वर एक रबरी ठोकळा, जो अ‍ॅक्सल वर फिरताच गाडीच्या तळाला टेकतो आणि तोच जोर टायर जमिनीत दाबायला वापरतो. यात हॉर्सपॉवर एकानेही वाढत नाही. पण पहिल्या 60 फुटांत एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात, हा ड्रॅग स्ट्रिपवरचा सर्वमान्य हिशोब आहे.

हवेचं गणितही आहेच. डेन्व्हरजवळची, 2023 मध्ये बंद झालेली बँडिमेअर स्पीडवे समुद्रसपाटीपासून 5800 फुटांवर होती. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं) इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के शक्ती गमावतं. म्हणजे खाली 13 सेकंदांत जाणारी गाडी तिथे 13.8च्या घरात जायची, आणि विरळ हवेत मिश्रणात पेट्रोल जास्त होऊ नये म्हणून जेटही लहान करावे लागायचे.

हे सगळं एकत्र नीट बसलं की काय होतं, याचा पुरावा एनएचआरएच्या स्टॉक एलिमिनेटर वर्गात आहे. तिथे मूळ इंजिन, मूळ जातीचा कार्ब्युरेटर, कॅमची लिफ्ट (वाल्व किती उघडतो ते) कंपनीइतकीच आणि मागे जास्तीत जास्त 9 इंच रुंद स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले रेसिंग टायर. या बंधनांत साठच्या दशकातल्या मोठ्या इंजिनांच्या गाड्या पुढची चाकं उचलून 10 सेकंदांच्या घरात धावतात. मिशिगनमधल्या स्टँटनला प्युअर स्टॉक, म्हणजे जवळजवळ कारखान्यातल्यासारख्याच ठेवलेल्या, गाड्यांच्या शर्यती होतात, तिथले नियम आणखी कडक. तिथे 12-13 सेकंद नेहमीचे, आणि सर्वोत्तम गाड्या 11च्या घरात.

“सरळ रेषेत पाय दाबायचा, त्यात कौशल्य कसलं”

घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, गाडी हलल्यावर सुरू होतं. ड्रायव्हरचा प्रतिसाद वेगळा मोजला जातो, आणि शर्यत जिंकायला दोन्ही लागतात. ब्रॅकेट रेसिंगमध्ये तर प्रत्येकाने आपली वेळ आधी जाहीर करायची असते. समजा तुम्ही 13.50 लिहिले, शेजाऱ्याने 11.00. तुम्हाला अडीच सेकंद आधी सोडतात. तुमचा प्रतिसाद 0.040, धाव 13.53, त्याचा प्रतिसाद 0.110, धाव 11.02. तुम्ही 0.06 सेकंदाने, म्हणजे साधारण दहा-अकरा फुटांनी जिंकलात. आणि लिहिलेल्या वेळेपेक्षा तुम्हीच लवकर पोचलात व तो नाही पोचला, तर तुम्ही बाद. अशा खेळात गाडी दिवसभर शंभराव्या भागापर्यंत तीच वेळ देत राहिली पाहिजे. बर्नआउट (टायर तापवायला चाकं जागीच फिरवणं) किती लांब, चाक सुरुवातीच्या रेघेवरच्या प्रकाशकिरणात किती आत, सुटताना आरपीएम किती, गिअर कुठे बदलायचा, हे सगळं दर वेळी तसंच करावं लागतं. ज्याला हे सोपं वाटतं त्याने एकदा हाताने गिअर बदलायची फोर-स्पीड गाडी घेऊन लागोपाठ तीन धावा एकसारख्या काढून बघाव्यात.

“इलेक्ट्रिक गाडी हरवते, तेव्हा संग्रहालयात ठेवा”

पहिला भाग खरा आहे. दोन मोटरांची, चारही चाकं ओढणारी आजची वेगवान इलेक्ट्रिक सेडान कारखान्यातून निघालेल्या जवळजवळ कुठल्याही मसल कारला पाव मैलात हरवते. तिचा संगणक प्रत्येक चाकाची पकड सेकंदात कितीतरी वेळा जुळवून घेतो. जे मस्टँगच्या मालकाला स्प्रिंगा, टायरमधली हवा आणि उजव्या पायाने साधावं लागतं, ते तिथे विकत मिळतं. ती उत्तम गाडी आहे.

पण यावरून संग्रहालयाचा निष्कर्ष निघत नाही. ड्रॅग रेसिंग मुळातच वर्गांत चालतं, कुणी 13 सेकंदांची गाडी 9 सेकंदांच्या गाडीसमोर नुसत्या वेळेवर उभी करत नाही. शिवाय यातल्या काही गाड्या स्ट्रिपसाठीच जन्मल्या. 1968चा हर्स्ट हेमी डार्ट घ्या: 426 हेमी इंजिन, फायबरग्लासचं बॉनेट आणि पुढचे मडगार्ड, पातळ काचा, मागची सीट नाही आणि वॉरंटीही नाही. ते डार्ट आणि त्यांचे भाऊबंद बाराकुडा पुढे सुपर स्टॉकच्या एसएस/एएच वर्गात धावत राहिले, आणि इंडियानापोलिसच्या यू.एस. नॅशनल्समध्ये त्यांनी 8 सेकंदांच्या घरात वेळा काढल्या. अशी गाडी दोरीमागे उभी करणं म्हणजे ती कशासाठी बनवली तेच पुसून टाकणं.

एक काळजी मात्र मला मान्य आहे. झेडएल-1 कॅमॅरो फक्त 69 बनल्या. अशा गाडीचा मूळ नंबरचा ब्लॉक फुटला तर तो परत मिळणार नाही. त्यावरचा उपाय समजूतदार मालक करतातच: मूळ इंजिन काढून, तेल भरून, झाकून स्टँडवर ठेवायचं आणि शर्यतीसाठी त्याच मापाचा दुसरा ब्लॉक बांधायचा. त्याहून आधी सुरक्षा. एनएचआरएच्या नियमांत या जुन्या गाड्यांना 13.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळेला हेल्मेट लागतं आणि 11.49ला रोल बार. यातल्या बऱ्याच गाड्या चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन कारखान्यातून निघाल्या, आणि 110 मैलांवरून एकदा थांबवल्यावर ते ड्रम तापून ढिले पडतात. इंजिनावर पहिला रुपया खर्च करण्याआधी पुढे डिस्क ब्रेक बसवा.