राजीनामा मंजूर

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला काहीही क्वालिफिकेशन लागत नाही, एजीएमला जरा उशिरा पोचलं की आपोआप होतो माणूस. सुटका मात्र नाही. तर लिफ्ट, टँकर, पार्किंगची भांडणं आणि कुणाच्या तरी कुत्र्याने कुणाच्या तरी पायपुसण्यावर केलेले उद्योग या सगळ्याला वैतागून मी ग्रुपवर टाकलं, ‘मी राजीनामा देत आहे.’ मराठी मंडळींनी हात जोडलेले इमोजी टाकले, म्हणजे वाचलंय पण आमचं नाव घेऊ नका. आणि दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड वकीलसाहेब, मूळचे जयपूरचे, चक्क पेढे घेऊन दारात! “बधाई हो! पार्किंगवालों से राजीनामा हो गया?”

मी गार.

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. राजी म्हणजे खूश किंवा कबूल, हा शब्द अरबीतून फारसीत आला, आणि नामा म्हणजे फारसीत लेखी कागद, आपल्या पंचनामा, जाहीरनाम्यातला तोच. भांडणारे दोघं राजी झाले आणि तसं लिहून दिलं की झाला राजीनामा. राजस्थान, मध्य प्रदेशात लोक अदालतीत आजही केसेस ‘राजीनामे से’ मिटतात, आपण त्याला तडजोड म्हणतो. मग राजीखुशीच्या या कागदाचं आपल्याकडे नोकरी सोडण्याचं पत्र कसं काय झालं? तर ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीचं खातं सोडताना सरकारला राजीनामा लिहून द्यायचा, म्हणजे मी राजीखुशीने सोडतोय, आणि नवा घेणारा लिहून द्यायचा ती कबुलायत. माझा आपला अंदाज, की आधी जमीन सुटली आणि मग त्याच कागदावर खुर्च्या सुटायला लागल्या. (सोडणारे खरंच राजी असायचे का हा वेगळा विषय आहे, आणि राजकारणात तर विचारूच नये.)

बरं यात आपण एकटे नाही. गुजरातीत राजीनामुं, कन्नडमध्ये राजीनामे, तेलुगूत राजीनामा, सगळीकडे पद सोडणंच. मल्याळीत तर नुसतं ‘राजी’! त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या मल्याळी शेजाऱ्याला पहिल्या फटक्यात कळलं, इतकं कळलं की त्याने दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट सोडून जिना वापरायला सुरुवात केली.

वकीलसाहेब म्हणाले, “तो फिर इस्तीफा बोलिए ना!” आता इस्तीफाचं मूळ अरबी, अर्थ मला यातून मोकळं करा अशी विनंती, आणि आपला ‘माफ’ त्याच धातूतला. म्हणजे हात जोडून, बाबांनो माफ करा, झेपत नाही. मला नेमकं हेच म्हणायचं होतं! इंग्रजी रेझिग्नेशनचं मूळ लॅटिनमध्ये, तिथे अर्थ सील तोडणं, पण आता इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ निमूटपणे नशिबाला शरण जाणं असाही होतो, तो मला जास्त लागू पडतो.

शेवटी स्पेशल मीटिंग बोलावली. मी पत्र वाचलं, टाळ्या वाजल्या, मला भरून वगैरे आलं. मिनिट्स लिहायला अर्थातच वकीलसाहेब, कायद्याचा माणूस म्हणून. रात्री ग्रुपवर फोटो आला: ‘सेक्रेटरी महोदय का राजीनामा सर्वसम्मति से स्वीकार. दोनों पक्ष संतुष्ट. सेक्रेटरी महोदय पद पर बने रहेंगे.’

खाली सगळ्यांच्या सह्या. मल्याळी शेजाऱ्याचीसुद्धा.