बीव्हरची बाजू घेतो, कारण...

नमस्कार. बीव्हर, म्हणजे दातांनी झाडं पाडून ओढ्यांवर बांध घालणारा प्राणी, त्याच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: बीव्हर झाडं पाडतो, माशांची वाट अडवतो, शेतात पाणी घुसवतो, अर्जेंटिनात तर त्याने जंगलं संपवली, मग त्याचे एवढे गोडवे कशाला?

आधी अर्जेंटिना, कारण तुमचा हा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. 1946 मध्ये फरच्या धंद्यासाठी कॅनडातून 20 बीव्हर आणून तिएरा देल फ्युएगोमध्ये (दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाचं बेट) सोडले. धंदा काही उभा राहिला नाही; बीव्हर मात्र वाढत गेले आणि चिलीतही पोचले. तिथलं लेंगाचं झाड एकदा कापलं की सहसा परत फुटत नाही आणि मुळाशी पाणी साचलं की उभं वाळतं. उत्तर अमेरिकेतला विलो (आपल्या वाळुंजाच्याच कुळातला) कुरतडला की खोडाच्या थोटकातून नवे फुटवे काढतो, ओल्या मातीत पडलेली फांदीसुद्धा मूळ धरते. लाखो वर्षं बीव्हरसोबत वाढल्याचा हा परिणाम. तिएरा देल फ्युएगोमधून बीव्हर काढायलाच हवेत, यात दुमत नाही. पण तो दोष त्याला तिथे नेणाऱ्यांचा.

माशांचं म्हणाल, तर बीव्हर मासे खात नाही आणि त्याचा बांध सिमेंटचा नसतो. काटक्या, चिखल, दगडगोटे यांतून पाणी झिरपत असतं, कडेनेही वाट काढतं. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातला ब्रिज क्रीक हा ओढा खोल खचत गेला होता. संशोधकांनी पात्रात लाकडी खांब ठोकून बीव्हरला बांध घालायला आधार दिला. पाणी पसरलं, गाळ धरला गेला, आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे स्टीलहेड माशांच्या पिल्लांची संख्या वाढली, ती जास्त जगलीही.

शेतकऱ्याचं नुकसान मात्र खरं आहे, ते मी हलक्यात घेत नाही. बांध नुसता फोडून उपयोग नसतो, रातोरात परत बांधला जातो. वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर ती जागा बुजवायला धावतो. प्रयोगात तर ध्वनिमुद्रित आवाज लावलेल्या स्पीकरवरही त्याने काटक्या रचल्या. म्हणून बांधातून एक पाइप आरपार टाकतात आणि त्याचं तोंड तळ्यात दूरवर, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. पाणी ठरलेल्या पातळीला राहतं आणि त्याला गळती सापडत नाही.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात ऑटर नदीवर बीव्हरना मोकळं राहू देण्याची पाच वर्षं चाचणी झाली, 2020 मध्ये त्यांना कायम राहू द्यायचं ठरलं. बांधांमुळे खालच्या गावाकडे येणारा पुराचा लोंढा ओसरला, पण पाणी साचलं ते वरच्या मोजक्या शेतकऱ्यांच्या जमिनीत. या शेतकऱ्यांना भरपाई मिळायलाच हवी. तुमचा राग त्या हिशेबावर असेल, तर त्यात मी तुमच्याबरोबर आहे.